दहा मिनिटं फुकटची

ऑफिसातलं ध्यानाचं सत्र संपलं आणि अकाउंट्समधल्या ताई चष्मा पुसत म्हणाल्या, “श्वासाचं काही कळलं नाही बाई. पण दहा मिनिटं कुणी हाक मारली नाही, तेवढ्यानेच बरं वाटलं.”

डोक्यातून जाईनाच ते.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत माइंडफुलनेसचा, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष देण्याच्या ध्यानाचा कोर्स सुरू केला, तो जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी. आता तो आठ आठवड्यांचा असतो! ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा आढावा २०१४ मध्ये आला: चिंता माफक कमी होते, लक्ष सुधारल्याचा पुरावा मात्र अपुरा.

आमच्याकडे हे सगळं चहाच्या सुट्टीत उरकलं. (चहा बुडाला, ते वेगळंच.)

आत्ताच एचआरचा मेल आलाय. पुढच्या शुक्रवारी पुन्हा सत्र, हजेरी सक्तीची.

सक्तीचं ध्यान अजून कुणाकडे आहे?