जेरुसलेम आणि हेब्रॉन: देव न मानणाऱ्याची यात्रा

मी देवबिव मानत नाही, तरी जेरुसलेम बघायचंच होतं. सगळ्यात आधी ऑलिव्ह पर्वतावर चढा, सकाळी लवकर. पश्चिमेला शहर, सोनेरी घुमट, थोडी हिरवळ, आणि मागे वळलं की थेट वाळवंट! आपल्याकडे घाटमाथ्यावर धो धो आणि पलीकडे माण-खटाव कोरडं ठक्क, तोच प्रकार, फक्त इथे डोंगराची एक रांग ओलांडली की संपलं. शहरात वर्षाला साधारण ५०० मिमी पाऊस, खाली मृत समुद्राकाठी १०० पण नाही. पाण्यासाठी आभाळाकडेच बघावं लागणाऱ्या माणसांनी आभाळात कोणीतरी बसवला तर त्यात नवल ते काय, असं मला तिथे उभं राहून वाटलं. चर्च-मशिदींपेक्षा मला तो उतारच जास्त पटला.

हेब्रॉन मात्र डोक्यात बसलंय. जेरुसलेमच्या दक्षिणेला, इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमधलं हे पॅलेस्टिनी शहर. ज्यू आणि मुस्लिम दोघंही ज्याला मूळपुरुष मानतात त्या अब्राहमची कबर इथे, दोघांचीही, म्हणून इमारतच वाटून घेतलीये. १९९४ मध्ये तिथल्या इस्रायली वसाहतीत राहणाऱ्या एका ज्यूने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून मारलं, त्यानंतरची ही वाटणी. कबरीवर हिरवं कापड, दोन्ही बाजूंनी जाळीच्या खिडक्या, तुम्ही इकडून वाकून बघताय आणि पलीकडच्या खिडकीतून दुसराच कोणीतरी तुमच्याकडे बघतोय. नाक्यावरच्या इस्रायली सैनिकाने धर्म विचारला, मी म्हटलं काहीच नाही, तो गोंधळला, पासपोर्ट बघून म्हणाला 'इंडिया? ओके, हिंदू' आणि सोडलं. दोन्हीकडे जाता आलं ते या 'हिंदू'मुळेच, तिथे राहणाऱ्यांना ती सोय नाही. बाजूची शुहादा स्ट्रीट बघा, एकेकाळची भर बाजारपेठ, आता दुकानांची शटरं वेल्डिंग करून बंद.

जाणाऱ्यांसाठी: परिस्थिती कधीही बिघडते, नाके अचानक बंद होतात, निघायच्या आधी भारतीय दूतावासाची सूचना वाचाच. हेब्रॉनला जायला जेरुसलेमच्या दमास्कस गेटजवळून २३१ नंबरची बस बेथलेहेमला जाते, पुढे शेअर टॅक्सी. पासपोर्ट सतत जवळ हवा, परतताना बसमध्ये चढून तपासतात. शुक्रवार-शनिवार टाळा, शुक्रवारी दुपारनंतर ज्यू भागातल्या बस बंद आणि अल-अक्सा मशिदीचं आवार (तो सोनेरी घुमट तिथलाच) दोन्ही दिवस पर्यटकांना बंद. तिथे जाताना खांदे-गुडघे झाका, गळ्यात देवाचं लॉकेट असेल तर हॉटेलवर ठेवा.

परतीला एअरपोर्टवर तीन तास आधी पोचा. हेब्रॉनला गेलेलो म्हटलं की प्रश्न वाढतात, पण खोटं बोलू नका, बॅग उघडल्यावर टॅक्सीची पावती निघतेच.