जुन्या दारासाठी घडवलेली कडी

साताऱ्याकडच्या आमच्या घराच्या मागच्या दाराची साखळीची कडी आणि चौकटीच्या माथ्यावरचा कोयंडा, दोन्ही गंजून निकामी झाले होते. बाजारात तयार कड्या हव्या तेवढ्या मिळतात, परंतु त्या ३० ते ३५ मिलिमीटर जाडीच्या फ्लश दारांसाठी बेतलेल्या असतात. आमचा सागवानी पल्ला जवळपास दोन इंच जाड आहे आणि चौकट त्याहूनही जाड. (पल्ले लाकडी खुंटांवर फिरत असल्यामुळे बिजागऱ्यांचा प्रश्न आला नाही.) शेवटी सगळे लोहाराकडून घडवून घ्यायचे ठरले, आणि लाकडाला एकही नवे भोक पाडायचे नाही, एवढी एकच अट आम्ही घातली.

जुन्या भोकाला खेटून नवे भोक पाडले की मधला लाकडाचा पापुद्रा पहिल्या जोरकस ओढीलाच निघून येतो. त्यामुळे मापे दाराची नव्हे, तर भोकांची घ्यावी लागतात. कागद लावून वरून पेन्सिल घासली, उमटलेल्या खुणांवरून पुठ्ठ्याचा फर्मा कापला आणि तोच लोहाराकडे दिला. साखळीची लांबी मात्र दार लावून घेतली, कारण पल्ला इतक्या वर्षांत बराच खाली बसला आहे.

कोयंड्याची घडण मला सर्वांत आवडली. जाड सळई मधोमध वाकवून डोळा करायचा, दोन्ही पाय चौकटीतून आरपार काढायचे आणि मागच्या बाजूला फाकवून, टोके वळवून लाकडात ठोकायची. ना स्क्रू, ना नट. पाय जागेवर तापवून वळवले तर लाकूड जळते, म्हणून लोहाराने ते आधीच लालभडक करून राखेत पुरले आणि सावकाश निवू दिले. असे मऊ झालेले पोलाद थंड असतानाही हातोडीला वळते. साखळीच्या कड्या टाकणखार लावून भट्टीतच जोडाव्यात अशी माझी इच्छा होती, परंतु जुने तंतुमय लोखंड जसे सहज जुळे तसे आजचे एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधे मऊ पोलाद) जुळत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. शेवटी वेल्डिंग करून सांधे कानशीने घासले. मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. कारखान्यात ॲसिड लावून जुनाट केलेल्या पितळी कड्यांपेक्षा हे काम कितीतरी प्रामाणिक आहे.

पाठपट्टी, म्हणजे कडीमागे पल्ल्यावर ठोकायची लोखंडी पट्टी, लाकडाच्या रेषांना आडवी बसते आणि पावसाळ्यात फळी रुंदीतच फुगते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे पट्टीचे मधले भोक गोल ठेवून कडेची लांबट केली, म्हणजे फळीला हलायला वाव राहतो. शेवटी लोखंड तापवून जवसाचे तेल चोळले, आणि ते पट्टीच्या मागच्या बाजूलाही विसरता कामा नये; ओल्या सागवानाला उघडे लोखंड टेकले की तिथे निळसर काळे डाग पडतात, आणि ते रंध्याने तासूनही पुरते जात नाहीत.