फ्लेक्स का लावत नाही

"सर, तुम्हाला पोरं मिळतात कुठनं? एखादा फ्लेक्स तरी लावा की." दर मे महिन्यात हे कुणीतरी विचारतंच, नव्यानं शिकवणी काढलेले तर हटकून विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सगळं सांगतो.

मुलं बेळगावातल्या वडगाव, खासबाग, शहापूरहून आणि जवळच्या येळ्ळूरहून येतात. एखाद्याची थोरली बहीण माझ्याकडे शिकलेली असते, नाहीतर पिठाच्या गिरणीत एक आई दुसरीला सांगते. एवढंच. बहुतेक मराठी माध्यमाची, आठवी ते दहावी, गणित आणि विज्ञान.

फ्लेक्स मी लावला होता. माझ्याकडची एक मुलगी, वडील कापड विणायच्या मागावर कामाला जायचे. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, गणितात १०० पैकी ९६. तिचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत गुण, त्याखाली माझा नंबर. त्यांच्याच गल्लीच्या तोंडाला बांधला. त्या जूनमध्ये ११ मुलं वाढली, हे लपवत नाही.

सायन्स घे, असं तिला मीच म्हणालो होतो. वडील बिचकत होते, त्यांची समजूतही मीच घातली. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सगळं इंग्रजीत. त्वरण म्हणजे काय ते ती झोपेतसुद्धा सांगेल; 'ॲक्सिलरेशन' ऐकलं की वहीवर पेन थांबायचं. एकदा तिनं वर्गात विचारलं, टॅन्जन्ट म्हणजे स्पर्शिका की त्रिकोणमितीतला टॅन? मुलं हसली. प्रश्न चांगला होता, दोन्हींचा संबंध लावून दाखवावा इतका चांगला. त्यानंतर तिनं वर्गात काही विचारलं नाही. हे मला फार उशिरा कळलं. दहावी झाली की माझं काम संपलं, असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या वर्षी फिजिक्स आणि गणित, दोन्ही राहिले. ९६ मिळवलेलं गणित.

एका संध्याकाळी तिची आई दारात आली. आत या म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, "सर, तेवढा फोटो काढा की वो. येता-जाता बगायला लागतंय तिला."

वर्षभर तो तिथंच होता. दोऱ्या कापताना माझे हात थरथरत होते. फोटोचा रंग उडाला होता, ९६ मात्र स्पष्ट दिसत होते.

वर्ष वाया घालवून तिनं कॉमर्स घेतलं. आता मी नववीपासून प्रत्येक संज्ञेपुढे इंग्रजी शब्द लिहून घेतो. त्यात वेळ जातो, धडे मागे पडतात, पालक कुरकुरतात. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीच्या कर्नाटकातल्या सीईटीची प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि कन्नडमध्ये येते, मराठीत नाही, हे त्यांना सांगतो. मग काही जण म्हणतात, तर पहिल्यापासून इंग्रजीतच शिकवा. ते मी करणार नाही. स्पर्शिका तिला मराठीत कळली होती म्हणूनच तो प्रश्न पडला.

पण तेव्हाचा मी अजून भांडतो. म्हणतो, मागावर जाणाऱ्याच्या मुलीला सायन्स नको म्हणणारा तू कोण? बरोबर आहे त्याचं. मग आईचा तो आवाज आठवतो, आणि तोही खरा आहे.

परवा खासबागच्या एका वडिलांनी विचारलं, "पोरीला सायन्सला घालू काय, सर?" तिच्या वह्या घेऊन रविवारी या, असं सांगितलंय.