‘संस्थेचं नाव भरा’

बायकोला अकॅलेशिया आहे. अन्ननलिकेच्या तळाची झडप वेळेवर सैल होत नाही, घास छातीतच अडकतो. जेवताना मध्येच उठते, भिंतीला पाठ लावून तांब्याभर पाणी पिते, मग पुढचा भाकरीचा तुकडा. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या : फुग्याने झडप ताणायची, नाहीतर ‘पोएम’, म्हणजे एंडोस्कोपीतून तिथला स्नायू कापायचा. ठरवा म्हणाले.

पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायच्या साइटवर, २०१९ चा एक अभ्यास सापडला. दोन वर्षांनी पोएमला यश ९२ टक्के, फुग्याला ५४. पोएमच म्हणून मोकळे होणार, तेवढ्यात खालची ओळ दिसली : आम्ल वर येऊन अन्ननलिकेला सूज, पोएमनंतर ४१ टक्के, फुग्यानंतर ७. बायको म्हणाली, “म्हणजे जन्मभर ॲसिडिटीच्या गोळ्या?” त्याचं उत्तर दुसऱ्या एका लेखात होतं. गोषवारा फुकट, पुढचं कुलूपबंद. चोवीस तास वाचायला चाळीसेक डॉलर, नाहीतर संस्थेचं नाव भरा. मी उद्यमनगरातल्या माझ्या लेथ वर्कशॉपचं नाव टाकलं. चाललं नाही.

मग ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ कळलं. केंद्राने २०२५ ते २०२७ साठी ६००० कोटी ठेवलेत, सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली. म्हटलं, सुटलो. गाडी काढून एका संस्थेचं ग्रंथालय गाठलं. साहेब जेवायला गेलेले. दुसऱ्या दिवशी, “अर्ज आणि डॉक्टरांचं पत्र आणा.” पत्र नेलं, तर त्यावर जावक क्रमांक नाही! खासगी दवाखान्याच्या पत्रावर जावक क्रमांक कुठनं आणू? चौथ्या खेपेला काउंटरवरच्या मॅडमनी माझ्यासमोर लेख उघडला. तिरकी मान करून बघितलं तर मला हवा तोच तक्ता.

“तुमचा आयडी?”

मी आधार पुढे केलं.

“हे नव्हं ओ. विद्यार्थी नाहीतर प्राध्यापक.”

“निदान एक प्रिंट?”

“बाहेरच्यांना नाही.” आणि स्क्रीन बंद. माझ्याच करातनं घेतलेला लेख, हातभर अंतरावर. नियम मॅडमनी केलेला नाही, मान्य. पण मग चार खेपा कशाला घालायला लावल्या?

डॉक्टरांना सांगितलं तर हसले. खासगी प्रॅक्टिसवाले, तेही योजनेबाहेरच. त्यांनाही गोषवाराच दिसतो.

शेवटी पुतण्या म्हणाला, “काका, लेखकालाच मेल टाका की. पत्ता गोषवाऱ्यापाशीच असतोय.” मोडक्या इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. सकाळी अख्खा लेख मेलवर, वर पेशंटला शुभेच्छा! त्या डॉलरांतलं लेखकाला काही मिळत नाही, हेही तेव्हाच कळलं.

मेलच्या आधी मात्र पबमेडच्या डाव्या बाजूला ‘फ्री फुल टेक्स्ट’वर टिक करून बघा. पबमेड सेंट्रल, म्हणजे अख्ख्या लेखांचा साठा, २००० पासून फुकट आहे. ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ हे फुकट एक्स्टेन्शन टाकलं तर खुली प्रत असलेल्या लेखाशेजारी हिरवं कुलूप उमटतं. हे आधी ठाऊक असतं तर पेट्रोल वाचलं असतं.

आणि लेख डॉक्टरांसोबत बसूनच वाचा. मी तक्त्याचे दोन रकाने उलटे धरले होते, घरी भलतंच सांगून बसलो होतो. त्यांनी पेनने बाण काढून दिले. पुढच्या महिन्यात पोएम आहे.