मोंतेपुल्चानोला गेलात तर मुक्काम कराच

इटलीतल्या टस्कनीच्या टूरवाल्या बसेस मोंतेपुल्चानो या डोंगरावरच्या गावाला जेमतेम दोन-तीन तास देतात, एक वाइन टेस्टिंग, चार फोटो आणि चला पुढे. मला हे अजिबात पटत नाही. हे गाव पायीच बघायला हवं, तेही खालून वर.

गाव साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. खालच्या वेशीतून, म्हणजे पोर्ता आल प्रातोपासून दगडी रस्ता चढत चढत थेट पियाझा ग्रांदेला, म्हणजे वरच्या मुख्य चौकात जातो आणि चढ असा की बोलणं आपोआप बंद होतं. याच चढावरून ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावातल्या आठ मोहल्ल्यांची पोरं साधारण ८० किलोचं लाकडी पिंप ढकलत शर्यत लावतात, एका पिंपाला दोघंच! वरच्या चौकातल्या कॅथेड्रलचा दर्शनी भाग कधी पूर्णच झाला नाही, अजून तसाच ओबडधोबड आहे आणि मला तो तसाच आवडला.

पण खरी गंमत जमिनीखाली. जुन्या वाड्यांच्या पोटात तळघरं खोदलीत, पायऱ्या उतरत गेलं की गारवा वाढत जातो, भिंती ओलसर, आंबूस वास, आणि माणसापेक्षा उंच ओक लाकडाची पिंपं ओळीने उभी. विनो नोबिले, म्हणजे इथली प्रसिद्ध रेड वाइन, इथेच मुरते. नियमाने तिच्यात किमान ७० टक्के सांजोवेझे द्राक्ष लागतं आणि विक्रीआधी दोन वर्षं मुरवावी लागते, म्हणून घाईत प्यायची वाइन नाहीच ही. सोबत पेकोरिनो चीज घ्या, आणि जेवायला पिची, म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवयाच.

गावाखाली सान बियाजोचं चर्च आहे, १५१८ मध्ये काम सुरू झालेलं, आर्किटेक्ट थोरला आंतोनियो दा सांगाल्लो. आजूबाजूला सगळे द्राक्षमळे. आम्ही नाशिककडचे, मांडवाखाली वाकून द्राक्षं बघायची सवय, इथे वेली कमरेएवढ्या तारांवर रांगेत, आणि आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीची धावपळ सुरू व्हायच्या सुमाराला इथली तोडणी उरकत आलेली असते. त्यामुळे जमलं तर सप्टेंबरच्या शेवटी जा. ट्रेनने जवळच्या किउसी स्टेशनपर्यंत आणि तिथून बस, पण रविवारी बसेस कमी असतात, टाइमटेबल आधी बघून ठेवा.