गंजाच्या दोन कड्या

भांडण दोन तासांचं होतं. घड्याळातले तास नव्हे, नांगराच्या फाळानं मातीत पडणारे. ट्रॅक्टरनं नांगरताना मोठ्या बाबांनी धुरा, म्हणजे बांध, दोन तासं आमच्या वावरात सरकवला, असं आमचं म्हणणं. आधी आमच्याच बाबांनी तो त्यांच्याकडं सरकवला होता, असं त्यांचं. शेवटी मोजणीचा अर्ज पडला. तिथवर सगळं म्हाताऱ्यांचं होतं. पुढची आग मी अन् मोठ्या बाबांच्या पोरानं, माझ्या चुलतभावानं लावली.

मी रागाच्या भरात एक स्टेटस टाकलं. नाव नव्हतं त्यात, पण गावात नाव लिहावं लागत नाही. त्यानं उलट टाकलं. मग दोघांचे मित्र उतरले, आणि जे धुऱ्यावर कधी पाय ठेवून आले नव्हते ते धुऱ्यासाठी मरायला तयार झाले. एका रात्री फाट्यावर गचांडी धरली गेली, अगदी 'तंटामुक्त गाव' लिहिलेल्या पाटीखाली. ही मोहीम राज्यात १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, तेव्हा आम्ही दोघं एकाच सायकलीवर डबलसीट शाळेत जात होतो. पोलीस ठाण्यात दोघांच्याही एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंदी, झाल्या. गंमत अशी, की आम्ही दोघंही पोलीस भरतीचीच तयारी करत होतो. पुढं गुन्हाच दाखल झाला असता तर चारित्र्य पडताळणीत दोघंही लटकलो असतो. हे कळूनही दोन वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

आमच्याकडं वारी म्हटलं की पंढरपूर आठवतंच, पण वर्धा नदीच्या दोन्ही काठांच्या गावांना दिवाळीच्या तोंडाची आणखी एक वारी असते, गुरुकुंज मोझरीची, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या आश्रमाची. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. पुण्यतिथी तिथीनं होते, आश्विन वद्य पंचमीला. गावोगावची भजन मंडळं भगव्या टोप्या घालून, पालखीत महाराजांचा फोटो अन् त्यांची ग्रामगीता ठेवून पायदळ निघतात. मी भक्तीनं गेलो असं म्हणणार नाही. आईनं पाठवलं. "डोकं तापून राह्यलं तुयं. चालून ये जरा," एवढंच ती म्हणाली. चुलतभाऊ येणार आहे हे तिला माहीत होतं, मला नव्हतं.

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. पहाटे निघालो तेव्हा धुकं होतं. मंडळातल्या आबाजींची खंजिरी जुनी, कातड्याची. ओलीनं कातडं ढिलं पडलं की आवाज भद्द येतो, म्हणून ते निघायच्या आधी ती शेकोटीवर धरून फिरवत होते आणि मधूनमधून बोटानं टिचकी मारून ऐकत होते. चार-पाच टिचक्यांनंतर तिचा सूर लागला. कापूस फुटला होता, तूर पिवळ्या फुलांवर होती. पहिले दोन तास (हे घड्याळाचे) मी रांगेच्या एका टोकाला अन् तो दुसऱ्या टोकाला. रांगेचा नियम मात्र मला जाचला. आम्ही १६०० मीटर जीव तोडून धावणारे पोट्टे, आणि इथं चाल ठरते ती सगळ्यात मागं चालणाऱ्या बाईवर. ती थांबली की रांग थांबते. पुढं पळून जायची सोयच नाही.

नदी ओलांडून कौंडण्यपूरला दुपार झाली. रुक्मिणीचं हे माहेर. इथून तिची पालखी पंढरपूरला जाते, आणि १५९४ पासून जाते असं परंपरा सांगते. घाटावर बसून पायाचे फोड पाहिले. सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढायचा आणि दोऱ्याचं टोक तसंच आत ठेवायचं, म्हणजे पाणी झिरपत राहतं, असं मंडळातल्या एका काकूनं शिकवलं. चामडी सोलली की मेला, हे तिचं शब्दशः वाक्य.

कुऱ्ह्याच्या अलीकडं मुक्काम होता, एका शाळेच्या पडवीत. परतीचा पाऊस नुकताच पडून गेला होता आणि काळ्या मातीचा चिखल काय असतो ते विदर्भाबाहेरच्याला सांगून कळत नाही. एका पावलाला एक किलो माती चिकटते. आमचा जेवणाचा टेम्पो रस्त्यावरच रुतला. साठ माणसांचं वरण एका भल्या मोठ्या गंजात, म्हणजे कड्यांच्या पातेल्यात, आणि शाळा तीनेकशे पावलांवर.

आबाजींनी आमच्या दोघांकडं बोट केलं. "तू अन् तो. गंज उचला."

"दुसरं कोणी नाई का, आबाजी?"

"हाये नं. पण उंचीनं तुमी दोघंच बराबर. बाकी कोणी धरला तर वरण एका अंगानं सांडते."

खरंच होतं ते. आमची उंची सारखीच, आजोबाकडून आलेली. कड्या तापलेल्या होत्या, म्हणून दुपट्टे गुंडाळून धरल्या. पहिल्याच पाच पावलांत वरण काठावरून उसळून माझ्या पायावर आलं. मी डावा पाय टाकला की तो उजवा टाकत होता. शिवी ओठांवर आली होती, पण गंज सोडता येत नव्हता. हात अडकलेले असले की माणूस भांडू शकत नाही, हे मला तिथं कळलं. मग पाहिलं, तो माझ्या पायांकडं बघून पाऊल जुळवत होता. अर्ध्या वाटेवर तो बोलला. दोन वर्षांतला पहिला शब्द.

"हात बदल."

गंज खाली टेकवला, बाजू बदलल्या, पुन्हा उचलला. पडवीपर्यंत आणखी दोनदा थांबलो. एकदा मी म्हटलं, "खड्डा हाये." एवढंच. रात्री पंगतीत वरण सगळ्यांना पुरलं, आणि ते खारट झालं होतं असं सगळ्यांचं एकमत पडलं.

पोट्ट्यांनी शांत राहावं असं सांगणारे आम्हाला पुष्कळ भेटतात. शिबिरं होतात, भाषणं होतात. शांत राहायला हातात काय द्यायचं ते कोणी सांगत नाही. आबाजींनी धुऱ्याचा विषय अख्ख्या वाटेत एकदाही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तिवसा मागं टाकून मोझरीला पोचलो. १९३५ मध्ये महाराजांनी हा आश्रम उभा केला तो असाच रस्त्याकाठी. आता नागपूर-अमरावती महामार्ग समोरून धडधडत असतो. दुपारपासून माणसं येतच होती, जिकडं पाहावं तिकडं भगव्या टोप्या. महाराज गेले ती वेळ ४ वाजून ५८ मिनिटांची. त्या मिनिटाला मौन श्रद्धांजली असते. आधी भजन चालू होतं, खंजिऱ्या चालू होत्या, आणि मग काहीच नाही. लाखांच्या गर्दीत एका लेकराचं रडणं ऐकू येत होतं, तेही कोणीतरी छातीशी दाबलं असावं. माझा मोबाइल खिशात गप्प होता. हे माझं पुण्य नव्हे, चार्जिंग कालच संपलं होतं.

मौनात मन शांत झालं म्हणालो तर खोटं होईल. आधी मोजणीच आठवली. मग स्टेटस आठवलं, त्यातला शब्द न् शब्द. त्यातला एक शब्द मोठ्या आईबद्दल, त्याच्या आईबद्दल होता, जिनं मला लहानपणी भाकरीवर तूप-साखर घालून दिली होती. पाय ठणकत होते. शेजारी तो उभा होता, त्याच्याही पायाला दोरा. मग सर्वधर्मीय प्रार्थना सुरू झाली आणि श्वास सुटल्यासारखी गर्दी हलली.

"मोठ्या आईले सांगजो, चुकलं मायं," मी म्हणालो.

"तूच सांग नं," तो म्हणाला. "मी कायले सांगू?"

गोपालकाला घेऊन टेम्पोनं परतलो. घरी आल्यावर मोठ्या आईच्या ओसरीवर गेलो. ती काही बोलली नाही, कपाशी वेचून आली होती, ओटी रिकामी करत होती. थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

धुरा जिथं होता तिथंच आहे. मोजणी व्हायची आहे, आमचे बाप अजून बोलत नाहीत. पहाटे पाच वाजता आम्ही दोघं फाट्यापासून धावायला सुटतो. १६०० मीटरला तो माझ्यापुढं असतो, गोळाफेकीत मी.