शेरेबुकातील दीड पान

कृष्णाकाठी, मिरज तालुक्यात, ख्रिस्ती संस्थेने चालविलेल्या एका अनुदानित प्राथमिक शाळेची मी मुख्याध्यापिका आहे. गेल्या जानेवारीत आमच्या शाळेची वार्षिक तपासणी झाली.

तयारीत सर्वाधिक वेळ जनरल रजिस्टरने, म्हणजे प्रत्येक मुलाच्या प्रवेशाची नोंद असलेल्या वहीने, घेतला. २०१९च्या ऑगस्टमधील महापुराचे पाणी कार्यालयात शिरले, तेव्हा जुनी रजिस्टरे भिजली होती. पानापानात रद्दी घालून आम्ही ती पंख्याखाली वाळवली. शाई पसरलेल्या नोंदी दाखल्यांच्या स्थळप्रतींवरून पडताळून मी वेगळ्या वहीत उतरवल्या होत्या. तपासणीला आलेल्या विस्तार अधिकारी साहेबांनी चिकटलेली दोन पाने नखाने अलगद सोडवली, वहीतील नोंद शेजारी धरून ताडून पाहिली आणि मगच पुढे गेले.

परिपाठानंतर त्यांनी प्रार्थनेविषयी विचारले. आमची बहुसंख्य मुले हिंदू व मुस्लिम घरांतील आहेत. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षणास किंवा उपासनेस बसण्याची सक्ती करता येत नाही. आम्ही प्रवेशाच्या वेळीच लेखी संमती घेतो, आणि जी मुले बसत नाहीत ती त्या वेळात बाईंसोबत वाचनकोपऱ्यात असतात. ती फाइल त्यांनी पूर्ण चाळली. या प्रश्नाचे मला वाईट वाटले नाही. तो विचारलाच पाहिजे.

मग तिसरीचा वर्ग. साहेबांनी फळ्यावर ३०२ वजा १४८ हे उदाहरण घातले. निम्म्याहून अधिक पाट्यांवर उत्तर आले २४६. मुलांनी प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. मधल्या शून्यापाशी शतक सुटे करायचे असते, हे त्यांना उमगलेच नव्हते. शिक्षकाच्या पाठनियोजनाच्या वहीत, म्हणजे टाचणात, हा घटक 'पूर्ण' असा नोंदलेला होता आणि त्यावर माझी सही होती. त्या क्षणी मला फार अपराधी वाटले.

तपासणी अधिकारी आपले अभिप्राय ज्यात लिहितात त्या शेरेबुकात दीड पान शेरा आला. हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या मुलांना, स्थलांतर करताना मूळ शाळेकडून मिळणाऱ्या शिक्षण हमी कार्डावर, विनाविलंब बसवून घेतले जाते, त्यांची वाचनपातळी आल्याच्या आठवड्यातच तपासली जाते आणि चौथीची मुले त्यांना जोडीने वाचायला बसवतात, हे शाळेचे बलस्थान म्हणून नमूद झाले. चौथीतल्या एका मुलीने नव्या मुलाचे बोट धरून ओळीवरून फिरवलेले साहेबांनी स्वतः पाहिले होते. माझ्या मते आमच्या शाळेचे ख्रिस्तीपण प्रार्थनेपेक्षा त्या बोटात अधिक आहे. पोषण आहाराची चव नोंदवही आणि तांदळाचा साठा यांबाबत एका ओळीत समाधान व्यक्त झाले होते. गणिताविषयीचा शेरा मात्र स्पष्ट होता: स्थानिक किमतीचे अध्यापन साहित्याविना झाले आहे.

दुसऱ्या दिवसापासून तिसरीत काड्यांचे गठ्ठे आले. शंभराचा गठ्ठा सोडून दहा दशक, त्यातला एक दशक सोडून दहा सुट्या काड्या, असे प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने केले. पहिले काही दिवस मी स्वतः त्या तासाला वर्गात बसले. महिन्याने, शेऱ्यावर काय केले ते कळवणारा अनुपालन अहवाल पाठवताना मुलांचे सोडवलेले कागद सोबत जोडले. चार मुलांना मध्ये शून्य आले की अजूनही अडते, हेही त्यात लिहिले. त्यांच्यासाठी रोज मधल्या सुट्टीपूर्वीची वीस मिनिटे ठेवली आहेत.